थेम्सकाठचा माघ

माघ सरत आला की मला थकवा येतो. ताप नसतो, अंगदुखी नसते, जेवणही बरं जातं. तरी सकाळी उठून खिडकीशी बसावं आणि तिथंच दिवस संपावा असं वाटतं. माझ्या भावाची मुलगी डॉक्टर आहे. ती दादरला माझ्याकडे आली की डोळ्याची खालची पापणी ओढून बघते आणि म्हणते, आत्या, तुला काही झालेलं नाही, वय झालंय. मी मान हलवते. सगळा जन्म वॉर्डात गेलेल्या बाईला वय म्हणजे काय ते कळतं. पण हा थकवा वयाचा नाही. अगदी तरुणपणी, पायांत भरपूर बळ होतं तेव्हा, याच दिवसांत तो मला पहिल्यांदा आला. तेव्हापासून थंडी उठून जाते आणि तिच्या जागेवर हा येऊन बसतो.

याच दिवसांत लालबागला मिरच्या येतात. मसाल्याच्या गल्लीत शिरायच्या आधीच घशात खवखवतं. पोत्यांवर पोती लागलेली असतात, बाया मिरचीचं देठ मोडून बघतात, भाव करतात, आणि मागे मसाला कांडायचे डंक एकसारखे धपाधप आपटत असतात. आसपासच्या गिरण्या बंद झाल्या, भोंगे गेले, आमच्या चाळीच्या जागी मान मोडेपर्यंत वर बघावं असा टॉवर उभा राहिला. डंक मात्र अजून आहेत. मला एकटीला मसाला लागतो तो किती? मूठभर. तरी मी जाते. कोपऱ्यावर तोंडाला पदर लावून उभी राहते, डोळ्यांतून पाणी येऊ देते. तिथं कोणाच्याही डोळ्यांतून पाणी येत असतं, त्यामुळे कोणी बघत नाही.

माझी आई तिथल्याच एका डंकावर मिरच्या भाजायची. आम्ही मूळचे मालवणकडचे, म्हणून तिला आये म्हणायचो. दिवसभर ती मोठ्या कढईसमोर बसलेली असे आणि संध्याकाळी घरी आली की तिच्या लुगड्याला, केसांना, अगदी तिच्या हातच्या पाण्यालाही धण्याचा नि मिरचीचा वास असे. आठवड्यातून एकदा ती तयार मसाला गिरगावातल्या घरांमध्ये पोचवायला निघायची, पायी. लालबागहून चिंचपोकळी, मग भायखळा, मग पुढे खेतवाडीतून गिरगाव. शाळेला सुट्टी असली की मी बरोबर असायची. ट्राम आमच्या बाजूनं घंटा वाजवत निघून जायची आणि आये तिच्याकडे मान वळवूनही बघायची नाही. डोक्यावर पाटी, एक हात पाटीला, दुसऱ्या हातात माझं मनगट. चालताना ती बोलायची नाही. भायखळ्याच्या पाणपोईवर पाटी उतरवून ती तोंडावर पाणी मारी, मला पाजी, आणि म्हणे, चल. माझं बालपण मला आठवतं ते बहुतेक असं, तिच्या मागून चालताना, तिच्या टाचांकडे बघत.

मी नर्स व्हायचं ठरवलं तेव्हा घरात कोणी दोन दिवस नीट जेवलं नाही. परक्या बाप्यांच्या अंगाला हात लावायची ती नोकरी, असं सगळे म्हणायचे. बाबा गिरणीत साच्यावर कापड विणायचे; ते म्हणाले, माझ्या लेकीशी लग्न कोण करील? आयेनं त्यावर वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती स्वतः परळच्या इस्पितळात गेली आणि दारावरच्या माणसाला विचारलं, मुलींना शिकवतात ते ऑफिस कुठे आहे. पुढे मी पास झाले, वॉर्डात लागले आणि आणखी शिकायला विलायतेला जायचं निघालं, तेव्हाही ती तशीच. बंदरावर मला सोडायला आली होती. रडली नाही. तिला एकच गोष्ट पक्की करून हवी होती. तिथं तुला रात्र होईल तेव्हा इथं पहाट झालेली असेल, असं विश्राम म्हणतो, ते खरं का? मी हो म्हटलं. म्हणाली, मग बरंय, तू झोपशील तेव्हा मी उठलेली असेन.

विश्राम म्हणजे माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणायची. तो मालाच्या बोटींवर इंजिनात खलाशी होता. वर्षातले बरेच महिने समुद्रावर, आणि उतरला की लालबागच्या खोलीत दारात पाय सोडून बसलेला. घरात लिहिता-वाचता येणारे आम्ही दोघंच.

मला मिळालेलं इस्पितळ लंडनपासून तासाभराच्या अंतरावर, थेम्सच्या काठच्या एका लहान गावात होतं. तो हिवाळा कडक होता. छप्पन्न साल उजाडलं तेव्हा मी रात्रपाळीवर होते. दिवसा झोपायचं, अंधारात उठायचं, अंधारातच कामाला जायचं. कित्येक दिवस मी सूर्य बघितला नव्हता. जानेवारीत एका सकाळी पाळी संपवून खाली आले तर एका म्हाताऱ्या पेशंटनं वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलं. सिस्टर, हे तुमचंच गाव ना? आतल्या पानावर चार ओळी होत्या. मुंबईत भाषेच्या राज्यावरून दंगल, कर्फ्यू, गोळीबार. मी त्या ओळींत लालबाग शोधलं, परळ शोधलं. नुसतं बॉम्बे होतं.

मला नवल वाटलं नाही. मी निघाले तेव्हाच आमच्या चाळीच्या जिन्यावर खडूनं संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा लिहिलेल्या होत्या. संध्याकाळी मैदानातल्या सभेवरून बाबा घसा बसवून घरी येत. आयेला वाचता येत नसे. जिना चढताना ती मला विचारी, ह्यात मुंबईचं नाव कुठलं? मी बोट ठेवून दाखवी. मग पुढच्या वेळी ती त्या अक्षरांवरून पदर जाऊ नये म्हणून भिंतीपासून जरा लांबून चढायची.

मी घरी पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. पुन्हा टाकलं. दादा कुठल्या बोटीवर असेल आणि बाबांना पत्र लिहून द्यायला कोणी मिळत नसेल, अशी मी माझी समजूत घातली. रात्रपाळीच्या माणसाला समजूत पटकन पटते. त्याला झोप हवी असते.

आणि फेब्रुवारी संपता संपता नर्सेस होममध्ये फोन आला. दादा होता. त्याची बोट लंडनच्या धक्क्याला लागली होती, दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती, येऊ काय, म्हणून विचारत होता. मी इतकी हरखले की आमच्या वॉर्डनबाई दार उघडून बघायला आल्या.

सकाळी पाळी संपवून, अंथरुणाला पाठ न लावता, मी तशीच स्टेशनवर गेले. दादा कोणाच्या तरी ओव्हरकोटात उभा होता. कोट खांद्यांना मोठा होता. कानांपर्यंत ओढलेली काळी लोकरीची टोपी, दाढी केलेली, गाल आत गेलेले. मी त्याच्या हातांकडे बघितलं. दोन्ही मोकळे. त्याची बोट विलायतेला लागणार असेल तर आये काही ना काही पाठवणारच, असं मी धरूनच चालले होते. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, बोटीवर नाव अचानक लागलं, घाईत निघालो. मग लगेच त्यानं विचारलं, इथं चालायला जागा आहे काय गो?

आमच्या होममध्ये पुरुषांना यायची परवानगी नव्हती आणि चहाच्या दुकानात तासभर बसलं की मालकीण बघायला लागायची. मी म्हटलं, नदीकाठानं वाट आहे, पुढच्या गावापर्यंत जाते, संध्याकाळी तिथून आगगाडी मिळते, पण लांब आहे. तो म्हणाला, चल.

ती वाट म्हणजे पाण्याला लागून गेलेला मातीचा पट्टा. बर्फ नुकतंच वितळलं होतं. बूट रुतत होते, निघताना चपक असा आवाज करत होते. नदी काठोकाठ भरून तपकिरी झाली होती. पलीकडच्या तीरावर पानं नसलेली झाडं, त्यांच्या फांद्यांच्या टोकांना कुठे कुठे पिवळसर रंग धरू लागलेला. झाडांच्या बुडाशी माना खाली घातलेली लहान पांढरी फुलं. दूर चर्चचा मनोरा, त्याच्या पुढं ओलं गवत आणि त्यात न हलणाऱ्या गाई. सगळं इतकं गप्प होतं की मला माझ्याच श्वासाचा आवाज ऐकू यायचा. लालबागच्या माणसाला अशा शांततेत आधी भीती वाटते.

दादाला नदी पसंत पडली नाही. एवढंसं पाणी आणि एवढं मोठं नाव, असं काहीतरी तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की ही वाट पूर्वी घोड्यांसाठी केलेली होती. पाण्यातल्या मालाच्या होड्यांना दोर बांधायचे आणि घोडे काठावरून त्या ओढत न्यायचे. त्यानं वाटेकडे खाली बघितलं आणि म्हणाला, बिचारे घोडे.

तो माझं सगळं विचारत होता. जेवायला काय देतात, पेशंट त्रास देतात काय, गोऱ्या बायका नीट वागतात काय. मी घरचं विचारलं की म्हणे, सगळं तसंच आहे गो, तू तुझं सांग. मी गोळीबाराचं विचारलं. पेपरात आलं होतं, आपल्याकडे काय झालं? झालं, तो म्हणाला. बरंच झालं. सांगेन सावकाश. आणि पावलं लांब टाकायला लागला. एक लांबट होडी वल्हवत आठ पोरं बाजूनं गेली. त्यांचा मास्तर सायकलवरून आमच्या वाटेनं कर्णा तोंडाला लावून ओरडत चालला होता. दादा त्याच्यासाठी बाजूला झाला आणि तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला. एरवी त्यानं अशा माणसाची नक्कल केल्याशिवाय सोडलं नसतं.

माझे डोळे मिटत होते. पाय उचलायचं मनानं ठरवावं लागत होतं. एका बाकापाशी मी म्हटलं, बसूया जरा. तो म्हणाला, थोडं पुढं जाऊन बसू. पुढच्या बाकापाशीही तेच. मला राग आला. रात्रभर उभी होते मी, म्हटलं, तू तरी बोटीवर झोपून आला असशील. तो म्हणाला, हो गो, माहीत आहे मला. पण थांबला नाही. आयेच्या मागून गिरगावला जाताना मी अशीच रडकुंडीला यायची. आताही मी तशीच चालत राहिले.

दुपारी बर्फमिश्रित पाऊस आला. नदीची पातळी जिथं एकदम खाली उतरते तिथं होड्यांसाठी मोठी दारं बांधलेली असतात; त्याला तिकडे लॉक म्हणतात. ती दारं उघडणारा माणूस बायकोसह तिथंच लहान घरात राहत होता. आम्ही त्याच्या वळचणीला उभे राहिलो तर त्याच्या बायकोनं दार उघडून आम्हाला आत घेतलं. बाई माझ्या आयेच्या वयाची, अंगानं जाड, हातांना पिठाचा वास. तिनं आम्हाला शेगडीपुढे बसवलं, चहा दिला, लोणी लावलेला पाव दिला. नवरा लढाईत मुंबईला राहून आला होता म्हणे. तो दारात येऊन आम्हाला "गरम चाय" म्हणाला, आणि एवढं बोलता आल्याच्या आनंदात परत पावसात गेला.

बाईनं आमचे कोट काढून घेतले आणि दादाच्या टोपीला हात घातला. भिजली आहे, सुकवते, म्हणाली. दादानं दोन्ही हातांनी टोपी धरली. राहू दे, राहू दे. बाईला वाटलं, लाजतोय. तिनं हसत हसत ती ओढूनच घेतली आणि शेगडीवरच्या दांडीला अडकवली.

दादाचे केस पेरभर होते. सगळीकडे सारखे, नुकत्याच उगवलेल्या गवतासारखे.

मालवणच्या माणसाला, लालबागच्या माणसाला, हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. मुलगा केस कशासाठी उतरवतो ते मला ठाऊक होतं. केसांच्या वाढीवरून दिवस किती गेले तेही कळत होतं. चार ओळींच्या त्या बातमीपर्यंत ते दिवस बरोबर जाऊन पोचत होते. बाईनं त्याच्या डोक्याकडे बघितलं, मग आवाज खाली आणून मला विचारलं, आजारी होता का?

"हो," मी म्हटलं. "तापातून उठलाय."

दादाला तेवढं इंग्रजी समजत होतं. त्यानं कपातून वर बघितलं नाही. मी सांगितलेलं त्यानं ऐकलं आणि त्यानं ऐकल्याचं मी बघितलं. शेगडीत लाकूड तडकत होतं. बाईनं मला आणखी एक पाव वाढला आणि मी तो खाल्ला. कसा खाल्ला ते मला आजही सांगता यायचं नाही. भूक होती.

बाहेर पडलो तेव्हा पाऊस थांबला होता. टोपी सुकून कडक झाली होती. ती त्यानं पुन्हा कानांवर ओढली. आता लपवायचं काही राहिलेलं नव्हतं, तरी ओढली. आणि आम्ही पुन्हा चालायला लागलो.

विचारायला मला एक शब्द पुरला असता. तो मी विचारला नाही. वॉर्डात मी कितीतरी जणांना ती बातमी दिली होती. बाकावर बसलेली माणसं आम्ही येताना दिसलो की उठून उभी राहायची, आणि काही जण मात्र मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहायचे, आम्ही त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून. त्या दुसऱ्या माणसांचा मला तेव्हा राग यायचा, काम खोळंबायचं. त्या दुपारी मी त्यांच्यातली झाले. आई किंवा बाप, दोघांतलं कोणीतरी एक गेलं होतं. विचारेपर्यंत दोघंही अर्धे अर्धे उरलेले होते. मन मात्र गप्प बसत नाही. ते सारखं एकाला पुढे करायचं आणि एकाला मागे ओढायचं. बाबा सभांना जायचे, रस्त्यावर असायचे, गोळी लागली तर त्यांनाच लागणार, हे किती सरळ होतं. मी ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. सांगताना मला हायसं वाटत होतं, आणि आपल्याला हायसं वाटतंय हे कळलं की मी मान नदीकडे वळवत होते. नदी बाजूनं चालली होती. एक राजहंस बराच वेळ आमच्या बरोबरीनं पोहत आला, मग त्यालाही कंटाळा आला आणि तो मागे राहिला.

 माझ्या पायांना फोड आले होते, ते फुटले होते, मोजे चिकटले होते. दादा मध्येच माझा हात धरून चिखलातून पार करी आणि सोडून देई. उजेड जायला लागला. झाडांच्या फांद्या आधी काळ्या झाल्या, मग पाणी. एका वळणावर पुढच्या गावचा पूल दिसला, त्याच्यावरचे दिवे लागलेले. दिव्यांत माणसं होती, दुकानं होती, स्टेशन होतं. त्या माणसांमध्ये जाऊन ते ऐकायची माझी तयारी नव्हती. वाटेवर एक लाकडी फाटक होतं. मी त्याला धरून उभी राहिले.

"दादा," मी म्हटलं, "आये की बाबा?"

"आये," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं, फाटकाच्या त्या बाजूला उभं राहून, मान खाली घालून, क्रमानं. कर्फ्यू होता. डंक बंद होते, म्हणून आये घरी होती. रस्त्यावर दगडफेक, जाळपोळ चालली होती, मग धावाधाव झाली, मग आवाज आले. चाळीतल्या बायका आत पळाल्या. आयेचं लुगडं गॅलरीत दोरीवर वाळत होतं, नवीन होतं, धुराचा वास लागेल म्हणून ते काढायला ती बाहेर गेली. तिसऱ्या मजल्यावर गोळी येईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. बाबा त्या वेळी गिरणीतून यायला निघून वाटेत कुठेतरी अडकले होते.

मी रडले नाही. मी प्रश्न विचारले. कुठे लागली, रक्त किती गेलं, शुद्ध होती का, कशातून नेलं. अगदी वॉर्डात पाळी बदलताना विचारतात तसे. तोही तशीच उत्तरं देत होता. दार उखडून त्याच्यावर तिला निजवली आणि चौघांनी परळला नेली. माझ्याच इस्पितळात, माझ्याच मैत्रिणींच्या हातांत. त्यांनी तिला ओळखलं. जखमीचे कपडे आम्ही नर्सा सोडवत बसत नाही, कात्रीनं कापतो, वेळ नसतो. त्यांच्यातल्या एकीनं कात्री घेतली तेव्हा आयेनं तिचा हात धरला. लुगडं कापू नको, म्हणाली. नवीन आहे. घरातलं नेसलेलं जुनंच होतं, पण तिला वाटत होतं की ते नवीनच आपल्या अंगावर आहे. तेवढंच बोलली. संध्याकाळ व्हायच्या आत गेली. मैत्रिणींनी तिला पुसलं, केस विंचरले, आणि माझी आई म्हणून हात जोडले.

बाबांनी पत्र लिहू दिलं नव्हतं. कागदावर वाचून पोरीनं परक्या मुलखात एकटीनं काय करायचं, असं ते म्हणाले होते. दादाची बोट लंडनला जाणारी निघाली तेव्हा त्यांनी त्याला एवढंच सांगितलं, तू समोर जाऊन सांग.

स्टेशनवर दादानं मला गाडीत बसवलं. त्याची गाडी पलीकडच्या फलाटावरून होती. मी मुंबईला परत यायला निघते म्हटलं, तर तो म्हणाला, बाबांनी बजावलंय, शिक्षण पुरं केल्याशिवाय यायचं नाही, तिनं तुला त्यासाठी पाठवलंय. त्या रात्री माझ्या मैत्रिणीनं माझी पाळी उचलली. मी कोटासकट अंथरुणावर पडले आणि झोपले. स्वप्न नाही, हुंदका नाही, दगडासारखी झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी जाग आली तेव्हा पायांना मोजे तसेच चिकटलेले होते. मग मी रडले, पण आधी झोपले होते. आई गेल्याचं कळलं त्या रात्री मला झोप लागली, हे मला फार वर्षं खुपत राहिलं. कोणाला सांगितलं नाही.

शिक्षण पुरं करून मी परतले आणि परळच्याच इस्पितळात लागले. बाबा खोलीत असत, पण गॅलरीत पाऊल टाकत नसत. सभांना जाणं त्यांनी सोडलं होतं. राज्य झालं त्या दिवशी लालबागभर पताका होत्या, ढोल होते, अनोळखी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. चाळीतल्या बायका आमच्या दाराशी येऊन थबकल्या. आत यावं की येऊ नये ते त्यांना कळेना. बाबांनी उठून त्यांच्याकडून पेढा घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाले, मिळालं एकदाचं. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांच्या म्हातारपणी सगळं मी केलं. औषध घेताना ते कधी कधी माझ्या हाताकडे बघत राहायचे. नर्स झालीस ते बरं झालं, असं त्यांच्या तोंडून एकदा निघालं. नदीकाठच्या त्या दुपारी माझं मन कोणाला पुढे करत होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना जास्त वेळ पंखा घालायची.

दादानं पुढे बोटी सोडल्या, लग्न केलं, मुलगी झाली, म्हातारा झाला. माझ्याकडे दादरला आला की आम्ही चौपाटीवर जाऊन कट्ट्यावर बसायचो. अशाच एका माघातल्या संध्याकाळी, वाऱ्यात अजून थोडी थंडी होती, मी त्याला त्या झोपेचं सांगितलं. म्हटलं, आई गेल्याचं ऐकलं आणि मी झोपले, कसली मुलगी मी.

तो माझ्याकडे वळून बघायला लागला. म्हणाला, तू झोपावंस म्हणूनच तर चालवली तुला.

बोटीवर एखाद्या खलाशाच्या घरची वाईट बातमी आली, तर त्यांचा जुना सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, ती त्याला लगेच सांगत नसे. आधी दिवसभर त्याला सगळ्यात जड कामाला लावायचा, कोळसा ओढायला, भट्टीपुढे. अंग पार मोडलं, हात वर उचलेनासा झाला, की मग संध्याकाळी बाजूला घेऊन सांगायचा. मन काहीही म्हणो, अंग झोपतंच. पहिली रात्र निघाली की माणूस समुद्रात उडी टाकत नाही. दादानं ते कितीदा बघितलं होतं. लंडनच्या धक्क्यावर उतरताना त्यानं तेवढंच ठरवलं होतं.

 समोर पाणी ओहोटीला लागलं होतं, ओली वाळू दिव्यांत चमकत होती. मग मी विचारलं, "आणि तुला कोणी दमवलं?"

"मला कोण दमवणार गो," तो म्हणाला. "मी गॅलरीत तिच्या बाजूलाच उभा होतो."